भिंतीकडे तोंड करून टांगलेला साचा

मेस्त्री,

तुमच्या लेकीचं, नोल्वेनचं पत्र मंगळवारी मिळालं. ते आलं होतं शारजातल्या हमरियाच्या, आपल्या बोटी बांधायच्या यार्डाच्या पत्त्यावर. तिथल्या एकाने अल नहदाला माझ्या घरी आणून दिलं. पाकीट जाड होतं. मला वाटलं, नेहमीसारखं ओहोटीच्या नदीचं पोस्टकार्ड असेल आणि या खेपेला तुम्ही चैन करून ते पाकिटात घालून पाठवलं असेल. उघडलं आणि पहिल्या दोन ओळींतच कळलं की तुम्ही आता नाही.

आपण मराठीत कधीच बोललो नाही. सगळा कारभार माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि तुमच्या यार्डात शिकलेल्या हिंदीत चालला. त्यामुळे आज लिहायला बसलो तर पहिलाच प्रश्न पडला, तुम्हाला तू म्हणायचं की तुम्ही? वयाने तुम्ही माझ्या धाकट्या काकांएवढे. शिवाय आमच्या खाडीवर होडी बांधणाऱ्या माणसाला अहो-जाहोच करतात, मग तो घरात कितीही कटकट्या असो. तेव्हा तुम्हीच. मेस्त्री हे नावही मीच ठेवलं. बाकी सगळे मिस्टर यान म्हणायचे, पण माझ्या वडिलांच्या तोंडी कसबी माणसाला दुसरा शब्दच नव्हता. तुम्ही एकदा अर्थ विचारलात, मी सांगितला, आणि त्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत कोणावर ओरडला नाहीत.

मी चौकस माणूस. बायको, सुलभा, मला म्हणते, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं. पण तुमच्या बाबतीत दोष माझा नाही, तुम्हीच चौकशी करावी असे होतात. तुम्ही उकडलेले बटाटे डब्यात आणायचे आणि लबनच्या बाटलीतून वाडग्यात ताक ओतून त्यात बुडवून खायचे. साठ-सत्तर माणसांच्या मेसमध्ये ताक आणि बटाटा खाणारा गोरा एकटाच. तिसऱ्या दिवशी मी जाऊन समोर बसलो आणि विचारलं, हे असं कोण खातं? तुम्ही म्हणालात, ‘‘मेरा माँ. मेरा पूरा गाँव.’’

मग गाव कुठे, हे आलंच. तुम्ही मला लॉफ्टमध्ये घेऊन गेलात. लॉफ्ट म्हणजे आपली ती लांबलचक शेड, जमिनीवर प्लायवूड ठोकून काळा रंग दिलेला, त्यावर बोटीची प्रत्येक रेघ खऱ्या मापाने खडूने काढायची आणि त्या रेघेवरून साचे कापायचे. त्या जमिनीवर कोणीच बूट घालून पाय ठेवत नसे. तुम्हीही मोज्यांवरच असायचे. एका कोपऱ्यात, टगबोटीच्या नाकाशेजारी, तुम्ही खडूने नदी काढलीत. पलीकडच्या काठावर शहर, अलीकडे तुमचं गाव, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं लानेस्टेर. मध्ये पूल. गावाच्या नावातच नदी आहे म्हणालात. ‘‘वो साइड शॉप, ऑफिस, बिग बिग चर्च. ये साइड हम लोग. शिप बनाता है.’’

रोज जेवणानंतर मी एक प्रश्न विचारायचा आणि तुम्ही गावात एक गोष्ट वाढवायची, असा आपला नेमच पडला. शाळा कुठे? काढलीत. मासळी कुठे मिळते? पलीकडे, पूल ओलांडून. यार्डाचा भोंगा झाल्यावर माणसं कुठून बाहेर पडतात? तुम्ही फाटक काढलंत आणि तिथून सायकलींच्या बारीक बारीक रेघा, पुलावर, गल्ल्यांत, परसातल्या बटाट्याच्या वाफ्यापर्यंत. दिवसभर लढाऊ जहाजाच्या पत्र्याला हातोडा घालायचा आणि संध्याकाळी येऊन बटाटे खणायचे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या वाडीतही होडीचं काम करून आल्यावर कोणी पाय पसरून बसत नाही, आधी भाजीला शिंपणं.

दुसऱ्या महायुद्धात ते सगळं बाँबखाली सपाट झालं होतं आणि तुमचा जन्म लाकडी बराकीत झाला, हे तुम्ही असं सांगितलंत जसं कोणी दवाखान्याचं नाव सांगावं. मी तेव्हा शारजात कॅम्पच्या पोर्टाकॅबिनमध्ये सहा जणांत राहत होतो. मी म्हटलं, म्हणजे आपण सारखेच. तुम्ही म्हणालात, ‘‘नो नो विलास. तुम्हारा में ए.सी. है.’’

आपलं भांडण जुन्या होड्यांवरून व्हायचं. तुमच्या नदीच्या एका वळणावर म्हाताऱ्या लाकडी मासेमारी होड्या चिखलात नेऊन सोडतात आणि त्या तिथेच कुजत राहतात. माणसं रविवारी बघायला जातात. मला हे पटेना. चांगलं लाकूड असं वाया घालवायचं? आमच्याकडे जुन्या होडीचा सागवान गोठ्याला लागतो, देवळाच्या मांडवाला लागतो, खिळेसुद्धा सरळ करून वापरतात. तुम्ही म्हणायचे, चाळीस वर्षं काम केलं तिने, आता निजू दे. मी म्हणायचो, गोठ्यात उभी राहिली तर काय थकणार आहे? हे भांडण अर्धंच राहिलं. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो आणि अजूनही माझीच बाजू जिंकते, हे तुम्हाला कळवून ठेवतो.

भरतीवरून मात्र मी हरलो. तुमच्या नदीचं पाणी दिवसातून दोनदा दोन पुरुष उंचीने चढतं-उतरतं. हमरियाचं पाणी बघून तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात, हे जिवंत आहे का? शुक्रवारी दुबईत करामाला मासळीचं जेवण जेवायला नेलं तेव्हाही तुम्ही हॉटेलवाल्याला पापलेट कुठल्या पाण्यातलं हेच विचारत बसलात. सोलकढी दोन ग्लास प्यायलात. बिल मी दिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने दिरहमचे रुपये करून बघितले, त्यावर हसलात.

आता नोल्वेनचं पत्र. त्याआधी ते एक सांगावं लागेल, जे मी चार वर्षं सांगितलेलं नाही.

आमच्या घरी तीन पिढ्या लाकडी होड्या. लाकडी होडीत रेघ काढतात ती फळीच्या बाहेरच्या अंगाची. म्हणून बरगडीचा साचा कापताना फळीची जाडी वजा करायची. हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही, जेवायला कोणी शिकवलेलं आठवत नाही तसंच. वडील प्रत्येक साच्यावर पेन्सिलीने लिहायचे, ‘फळी वजा’. म्हणजे नंतर कोणी पुन्हा वजा करायला नको. लोखंडी बोटीत उलटं. तिथे रेघ असते पत्र्याच्या आतल्या अंगाची, फ्रेम, म्हणजे लोखंडी बरगडी, बरोबर रेघेवर बसते, पत्रा तिच्या बाहेर. काही वजा करायचं नसतं.

हे तुम्ही मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, जमिनीवर उकिडवं बसून, रेघेवर बोट ठेवून. ‘‘लाइन अंदर. प्लेट बाहर. समझा?’’ मी मान हलवली. आपल्याकडची ती मान, मेस्त्री. ती हो असते, पण कळलं असं तिच्यात असेलच असं नाही. मी तुमच्या मोज्याला पडलेलं भोक बघत होतो आणि याला रफू कोण करत असेल याचा विचार करत होतो.

मागच्या फ्रेम्सचे साचे आधीच दुसऱ्यांनी कापले होते. नाकाकडच्या सहा माझ्या वाट्याला आल्या, कारण तिथे वळण कठीण आणि माझा हात बरा, असं तुम्हीच मॅनेजरला सांगितलं होतं. त्यांचे साचे मी मन लावून कापले. सहाही साच्यांतून पत्र्याच्या जाडीचे आठ-आठ मिलीमीटर वजा केले आणि सहाही साच्यांवर वडिलांसारखं लिहिलं. लोखंड कापलं गेलं, फ्रेम्स उभ्या राहिल्या, वेल्डिंग झालं. पत्रे चढवायच्या आदल्या दिवशी तुम्ही लवचीक लाकडी पट्टी घेऊन नाकापासून मागे लावत आलात. सहाव्या आणि सातव्या फ्रेमच्या मध्ये पट्टी उचलली गेली. तुम्ही पुन्हा लावली. पुन्हा उचलली गेली. पट्टी आणि फ्रेमच्या फटीत तुम्ही करंगळीचं नख घातलंत, आणि त्या क्षणी मला कळलं की वजा करायचं नव्हतं.

त्या आठवड्यात सुलभाचा आणि लेकीचा, मृण्मयीचा व्हिसा अर्ज आत होता. अल नहदाला एका खोलीचं घर बघून ठेवलं होतं, गॅसची शेगडीसुद्धा घेतली होती. सहा फ्रेम्स भंगारात, तीन आठवडे खोळंबा, बोटीचा मालक फोनवर ओरडतोय, अशा वेळी ज्याची चूक त्याचा व्हिसा कॅन्सल, हे यार्डात लहान मुलालाही सांगावं लागत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली.

दुपारी मॅनेजरने सगळ्यांना लॉफ्टमध्ये बोलावलं. तो बूट घालूनच जमिनीवर चढला. त्याने विचारलं, ‘‘हूज मिस्टेक इज धिस?’’ मी मूग गिळून उभा होतो. तोंड उघडणारच होतो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘‘द फ्लोअर इज माइन. आय डिड नॉट मार्क द लाइन. माय मिस्टेक.’’ आणि मग त्याला म्हणालात, ‘‘प्लीज, युवर शूज.’’

दुसऱ्या दिवशी ते सहा साचे जागेवर नव्हते. मला वाटलं, भंगाराच्या पिंपात जाळले. सुटलो असं वाटलं आणि ते वाटल्याची लाजही वाटली. पण तेव्हापासून एक प्रश्न मला कुरतडत राहिला. तुम्हाला माहीत होतं का? तुम्हाला खरंच वाटलं होतं का की तुम्ही सांगायला विसरलात? की साचे हातात घेऊन तुम्ही बघितलं होतं? देवनागरी तुम्हाला वाचता येत नव्हती, पण यार्डात साच्यांवर देवनागरीत लिहिणारा एकटा मीच होतो. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही नुसतं ‘‘विलास’’ म्हणून हाक मारलीत तरी मला वाटायचं, आता विचारणार. तुम्ही विचारायचे, पाना कुठे आहे.

पुढच्या महिन्यात सुलभा आणि मृण्मयी आल्या. तुम्ही घरी जेवायला आलात. सुलभाने घावनं केली आणि तुम्ही तव्याकडे बघत उभेच राहिलात. तुमच्याकडे काळ्या पिठाची अगदी अशीच करतात, म्हणालात, आणि सुलभाच्या हातून उलथनं घेऊन एका घावनावर लोणी आणि अंडं घातलंत. ती मला मराठीत म्हणाली, ‘‘यांच्या आईला नमस्कार सांगा हो.’’ मग ताकाबरोबर चार खाल्लीत. खाताना तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या लहानपणी शाळेत घरची भाषा, ब्रेटन, बोलायला बंदी होती. जो पोरगा बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात मास्तर एक जुनं लाकडी पायताण अडकवायचे. ते उतरवायचं असेल तर दुसऱ्या कोणाला तरी बोलताना पकडायचं, मास्तरांना सांगायचं आणि त्याच्या गळ्यात घालायचं. संध्याकाळी ते ज्याच्याकडे राहील त्याला मार.

मी मराठीत करून मृण्मयीला सांगत होतो. ती सहा वर्षांची होती. तिने विचारलं, ‘‘मग त्यांनी ते कोणाला दिलं?’’

मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘‘नोबडी. ही जस्ट कीप. टिल इव्हिनिंग.’’ आणि अजून एक घावन मागितलंत.

मला वाटलं, भाषेची गोष्ट सांगताय. मी लगेच विचारलं, मग तुम्हाला येते का ती भाषा? तुम्ही म्हणालात, आई त्या भाषेत बोलायची आणि मी फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचो. एवढा चौकस मी, पण जो प्रश्न विचारायला हवा होता तो सोडून बाकी सगळे विचारले.

टगबोट पाण्यात उतरली, आम्ही नारळ फोडला, तुम्ही नाकावर हात ठेवून तुमच्या भाषेत काहीतरी पुटपुटलात. तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही निघालात त्या दिवशी फाटकाशी मी सुरुवात केली, ‘‘मेस्त्री, वो फ्रेम का…’’ तुम्ही विचारलंत, ‘‘बोट पानी पे है?’’ मी म्हटलं, है. ‘‘सीधा खडा है?’’ है. ‘‘तो खलास.’’ आणि गाडीत बसलात. मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही, आणि आता मी सांगितलं तर उगाच दुखवेन. माणूस स्वतःला सोयीचं ते किती पटकन समजून घेतो.

पुढच्या बोटीसाठी लॉफ्टला नवा काळा रंग दिला. तुमचं लानेस्टेर त्याखाली गेलं, सायकलींसकट. रंगारी विचारायला आला होता, ये कोना में क्या है? मी म्हटलं, गाँव है. तो थोडा थांबला आणि मग रोलर फिरवला.

तेव्हापासून तुमची पोस्टकार्डं. पुढे नदी, मागे दोन ओळी. मी दिवाळीत शुभेच्छापत्र पाठवायचो आणि त्यात हमखास चार प्रश्न. पुलाला नवा रंग दिला का? भोंगा अजून वाजतो का? बटाटे कसे आहेत? तुम्ही दोनांची उत्तरं द्यायचे. एकदा येईन, तुमचा पूल चालत ओलांडीन, असं दरवर्षी लिहीत गेलो. चालत ओलांडायची हद्द आमच्याकडेही आहे, अल नहदाचा एक रस्ता ओलांडला की दुबई. पण तो ओलांडताना मला कधी काही वाटलं नाही.

नोल्वेन लिहिते की तुमच्या अंत्यविधीला यार्डातले म्हातारे सोबती आले होते. चर्चबाहेर उभं राहून ते जुने किस्से सांगत होते. त्यातला एक म्हणाला, याने जन्मात एकच रेघ चुकवली आणि त्यासाठी अरबस्तानापर्यंत जावं लागलं. सगळे हसले. तीही हसली, म्हणते. पण घरी आल्यावर तिला ते लागलं. तुम्ही गावात सगळ्यांना हेच सांगितलं होतं, की शारजात चूक झाली म्हणून परत आलो. तिला लहानपणापासून वाटायचं की तुमची रेघ चुकत नाही.

आणि मग ती लिहिते की तुमच्या खिडकीशेजारी, जिथून नदी दिसते, तिथे हातभर लांबीचा एक वाकडा लाकडी तुकडा टांगलेला होता. काय आहे विचारलं की तुम्ही म्हणायचे, शारजाची आठवण. खोली आवरताना तिने तो खाली काढला. मागच्या बाजूला, जी चार वर्षं भिंतीकडे होती, पेन्सिलीने काही लिहिलेलं आहे. अक्षरं तिला ओळखता येत नाहीत. तिने पातळ कागद ठेवून ती जशीच्या तशी गिरवून पाठवली आहेत. विचारते, तुम्ही वडिलांचे मित्र, हे काय लिहिलं आहे ते सांगाल का?

पाकीट त्या कागदामुळे जाड झालं होतं. मी तो उघडला. ‘फ्रेम ४. फळी वजा.’ माझं अक्षर. ळ ला मी उगाच शेपूट काढतो, ते शेपूटसुद्धा तिने नीट गिरवलं आहे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तुम्ही साच्याचा लिहिलेला तुकडा, म्हणजे पुरावाच, बॅगेत घालून घेऊन गेलात, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. आणि टांगलात तोही पाठ फिरवून. मी त्या दिवशी गॅलरीत जाऊन रडलो, मेस्त्री. सुलभा आली, तिने कागद बघितला. तिला हे कधीच माहीत नव्हतं, तेव्हा सगळं सांगितलं. कागदाची घडी घालत ती म्हणाली, ‘‘म्हणजे मी ज्यांना घावनं वाढली…’’ आणि आत गेली.

मला तुमच्यावर रागही आला. विचारायचं होतं हो मला. का? माझ्यासाठी? सुलभाचा व्हिसा अडकू नये म्हणून? की तुमच्याकडे रीतच अशी, जमीन ज्याची त्याचीच चूक? की त्या शाळेतल्या पोराचा मुलगा म्हणून गळ्यात आलेलं पुढे कोणाला द्यायचं नाही, एवढंच? इतके प्रश्न विचारले तुम्हाला, बटाट्यांचे, सायकलींचे, आणि हा एक राहिला. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. बोट पाण्यावर आहे ना, तो खलास. पण ते उत्तर नव्हे. खलास झालेलं नाही. तुमच्या गावात चर्चबाहेर म्हातारे हसताहेत.

चार दिवस नोल्वेनला काय लिहू या विचारात गेले. एक मन म्हणालं, लिही की हे त्या भागाचं नाव आहे, बस. खोटंही नाही ते पूर्ण. मृण्मयी आता दहा वर्षांची आहे, आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तुम्हाला गंमत वाटली असती. तिने सगळं ऐकलं होतं. काल तिने विचारलं, ‘‘बाबा, इज धिस लाइक द शू?’’

मी म्हटलं, हो.

‘‘देन इट्स इव्हिनिंग नाउ,’’ ती म्हणाली. ‘‘यू टेक इट.’’

तेव्हा आज सकाळी नोल्वेनला पत्र लिहिलं. इंग्रजी मृण्मयीने तपासलं. तुमची परवानगी घेतलेली नाही, आणि तुम्ही दिलीही नसतीत. मी लिहिलं की ही दोन माणसांची नाही, एकाच माणसाची चूक होती. तो माणूस मी. तुमच्या वडिलांनी मला नीट सांगितलं होतं आणि मी नुसती मान हलवली. त्यांची रेघ बरोबर होती. हे त्या म्हाताऱ्या सोबत्यांना वाचून दाखवा, जो जास्त हसला त्याला दोनदा. पुढच्या उन्हाळ्यात रजा मिळाली की मी येईन आणि विचारलंच तर तोंडाने सांगेन. पूलही बघायचा आहे.

आणि शेवटी लिहिलं, तो साचा फेकू नका. परत त्याच खिडकीशी टांगा. फक्त या वेळी अक्षर बाहेरच्या बाजूला ठेवा.

तुमचा,
विलास